पाठ झालं, पण कळलं का?

गणपतीत आरतीला उभ्या राहिलेल्या मुलांकडे कान देऊन ऐकलंत, तर एक गंमत लक्षात येईल. ‘फणिवरबंधना’ हा शब्द बरीच मुलं ‘फळीवर वंदना’ असा म्हणतात. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे नागांमधला श्रेष्ठ, आणि त्याचा कमरपट्टा करून बांधणारा तो फणिवरबंधन. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फळी मात्र त्यांच्या ओळखीची असते. फळीवर डबे असतात, देव असतात, तेव्हा वंदनही तिथंच होत असणार! मला या चुकीचं कौतुक वाटतं. मुलाचं डोकं अर्थ शोधतंच. आपण दिला नाही, तर ते स्वतःचा तयार करून घेतं.

मी शहापुरात राहतो. मुरबाडकडे आमची सोयरीक आहे. या दोन्ही तालुक्यांत संध्याकाळी देवळात हरिपाठ होतो, वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. टाळ धरून उभी राहिलेली सात-आठ वर्षांची पोरं सगळा हरिपाठ न अडखळता म्हणतात. त्यांतल्या एखाद्याला थांबवून विचारा, बाळा, आत्ता म्हटलास त्याचा अर्थ काय? तो तुमच्याकडे असा बघतो, की जणू हा प्रश्न पाठांतराच्या यादीतच नव्हता.

म्हणून पाठांतर वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. त्याचं काम फार मोठं आहे. वेद हजारो वर्षं कागदावाचून टिकले ते याच जोरावर. त्यासाठी लावलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. नुसतं पहिला शब्द, दुसरा, तिसरा असं म्हणायचं नाही. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा, असं विणत जायचं. घनपाठात त्याहून गुंतागुंत: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा सरळ तिन्ही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर लगेच पकडलं जातं. युनेस्कोने २००३ साली या पठणपरंपरेला मानवजातीच्या वारशात जागा दिली ती उगीच नाही.

पण नुसतं म्हणणं पुरे का, हा प्रश्न आजचा नाही. यास्क नावाचा फार जुना आचार्य होऊन गेला. वेदातल्या अवघड शब्दांची फोड करणारा ‘निरुक्त’ हा ग्रंथ त्याचा. त्यात कौत्स नावाच्या एका पंडिताचं मत दिलं आहे, की मंत्रांना अर्थच नसतो. यास्क त्याला खोडून काढतो. आंधळ्याला खांब दिसला नाही, तर तो दोष खांबाचा नव्हे, असं त्याचं म्हणणं. आणि वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला तो ओझं वाहणाऱ्या खांबाची उपमा देतो. पाणिनीच्याही आधीचा मानला जाणारा हा माणूस. आजच्या एखाद्या शिक्षकाने हे म्हटलं असतं, तर पालकांनी तक्रार केली असती.

आमच्याकडे नाणेघाट आहे. मुरबाडच्या वैशाखऱ्याकडून वाट वर चढते. वरच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अश्वमेध वगैरे यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गायी, घोडे, नाणी यांची जंत्री त्यात आहे. यज्ञातले मंत्र वैदिक भाषेतले. पण त्याची हकिगत भिंतीवर कोरली ती प्राकृतात. घाट चढणारा व्यापारी, त्याचा बैलवाला यांच्या बोलण्याला जवळची होती ती भाषा. म्हणण्याची भाषा एक आणि सांगण्याची दुसरी, ही सोय इथल्या दगडावरच दिसते.

मात्र हे सांगणं सर्वांसाठी नव्हतं. वेद कुणी ऐकावेत, कुणी नाही, याची कुंपणं होती. बायका आणि शूद्र बाहेर. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीता मराठीत आणली, ती या कुंपणाबाहेरच्यांना कळावी म्हणून. गीतेचे सातशे श्लोक, त्यावर नऊ हजारांच्या आसपास ओव्या. पुढे तीनशे वर्षांत नकलाकारांनी इतके पाठभेद घुसडले, की एकनाथांना १५८४ साली पोथी शुद्ध करावी लागली. न कळता उतरवत गेलं की काय होतं, त्याचा हा नमुना. पोथ्यांतही ‘फळीवर वंदना’ झालीच होती म्हणायची.

पुढची गोष्ट मला फार विचारात पाडते. कळावी म्हणून लिहिलेली ज्ञानेश्वरी आज पारायणात सात दिवसांत संपवायची असते. व्यासपीठ चालक वेग धरतो, मागे शंभर माणसं वाचतात. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आज मराठी माणसालाही अर्धीच कळते. संस्कृतच्या जागी जुनी मराठी आली, एवढंच. विनोबांच्या आईलाही गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. तूच का करत नाहीस मराठीत, असं ती मुलाला म्हणाली. ती १९१८ साली गेली. ‘गीताई’ वर्ध्याला लिहून झाली १९३१ साली. आईच्या हाती ती पडली नाही. विनोबा नुसत्या भाषांतरावर थांबले नाहीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवार त्यांनी कैद्यांना गीता बोलून सांगितली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सोपं लिहिलं तरी सांगावं लागतंच, आणि ते दर पिढीला नव्याने.

तुम्ही म्हणाल, हे तुम्ही कशाला सांगता? एक तर मी मराठीत कविता लिहितो, आणि ओवीचं देणं न मानता मराठीत लिहिता येत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ ओवीतच लिहिला. दुसरं म्हणजे हा प्रश्न मला घरचाच आहे. लहानपणी मकतबात मौलवीसाहेबांपुढे बसून अलिफ-बेपासून सुरुवात केली, जेर-जबर लावत सिपारे वाचले. कुराण पुरं झालं तेव्हा घरात गोड वाटलं. अरबीतला एक शब्द कळत नव्हता. अर्थ मी कॉलेजात असताना मराठीतून वाचला. पण वडील गेले, तेव्हा कबरीपाशी जे तोंडून आलं ते अर्थाच्या पुस्तकातलं नव्हतं, मकतबातलं होतं. त्या वेळी विचार करायला डोकं जागेवर नव्हतं आणि जिभेला वाट माहीत होती. पाठांतराचा हा आधार मी नाकारणार नाही. फक्त तिथवर पोचायला मधली बारा-पंधरा वर्षं कुणी काही सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

सांगत का नाहीत? मला वाटतं, कारण सोपं आहे. अर्थ सांगितला की प्रश्न येतात. गीता सांगायला बसा, दहा वर्षांची मुलगी विचारते, समोरचे अर्जुनाचे काका-मामाच होते ना, मग मारायचं कसं? हा प्रश्न खुद्द अर्जुनाचाच आहे आणि गीता तिथूनच सुरू होते. म्हणजे मुलगी बरोबर दारात उभी आहे. आपण तिला म्हणतो, गप्प बस, आधी बारावा अध्याय पाठ कर. स्पर्धेत उच्चाराला गुण मिळतात, प्रश्नाला मिळत नाहीत. आमच्या मकतबातही हीच रीत.

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रमाच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराची सूचना आली, तेव्हा वाद बराच झाला. सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं अठ्ठाविसावं कलम सांगतं, आणि ते योग्यच आहे. हे काम घराचं, देवळाचं, सप्ताहाचं. तिथं त्याची सोयही तयार आहे. वारकरी कीर्तन म्हणजे काय? एक अभंग घ्यायचा आणि चरण-चरण उलगडायचा. आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, ती पाठांतराबरोबर निरूपण शिकावं म्हणूनच. पण कीर्तन रात्री उशिरा असतं, आणि तोवर पोरं आईच्या मांडीवर झोपलेली असतात.

आमच्या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली मुलं बरीच. पुस्तकातली मराठीच त्यांना निम्मी परकी, मग हरिपाठाची काय कथा! त्यांना अर्थ सांगायचा तर त्यांच्या बोलीतून यावा लागेल, आणि तो तेच आणू शकतात. एका वाडीवर मी हे पाहिलं. हरिपाठ संपला की माळकरी मामा पोरांना बसवून घेतात. एकच अभंग, आठवडाभर. कोणता शब्द अडला ते आधी पोरांनी सांगायचं. मग मामा सांगतात. त्यांनाही अडलं तर कोनाड्यातली ‘सार्थ’ प्रत निघते. शेवटी एका पोराने उभं राहून तो अभंग घरच्या बोलीत सांगायचा, आजीला सांगतो तसा. बाकीची हसतात, दुरुस्त करतात, भांडतातही. मी गेलो त्या दिवशी अर्धा तास एकाच शब्दावर गेला, आणि शब्द होता ‘द्वार’. त्यांच्या घराला कूड होता, झाप होता, द्वार कुठेच नव्हतं.