नकाराचा निरोप

संगणकावर चालणारा प्रोग्रॅम कितीही मोठा असला, तरी त्याला स्वतःच्या हाताने एक साधी फाइलही उघडता येत नाही. पडद्यावर अक्षर उमटवायचे, डिस्कवरचा मजकूर वाचायचा किंवा थोडी जास्त जागा हवी, तर त्याला कर्नेलकडे अर्ज करावा लागतो. कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि साऱ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. या अर्जाला म्हणतात सिस्टिम कॉल. सी भाषेतला प्रोग्रॅम हा अर्ज सहसा थेट करत नाही. मध्ये सी लायब्ररी नावाचा एक निरोप्या असतो. तो अर्ज आत नेतो आणि उत्तर बाहेर आणतो.

अर्ज नामंजूर झाला तर काय होते, ते आज पाहू या.

कर्नेलचे उत्तर म्हणजे फक्त एक संख्या. ती प्रोसेसरच्या एका छोट्या कप्प्यात ठेवलेली असते. होकार आणि नकार दोन्ही त्याच कप्प्यातून येणार, मग ओळखायचे कसे? 1969 साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला. ती पुढे पीडीपी-11 या यंत्रावर चालू लागली, तेव्हा नकारासाठी प्रोसेसरमधली एक वेगळी खूण वापरत. 1991 साली आलेल्या लिनक्सने इंटेलच्या प्रोसेसरवर निराळी वाट धरली. काम झाले तर शून्य किंवा उपयोगाची संख्या द्यायची आणि काम फसले तर कारणाचा क्रमांक उणे करून द्यायचा. उणे 2 म्हणजे अशी फाइलच नाही. उणे 13 म्हणजे परवानगी नाही. उणे 28 म्हणजे डिस्कवर जागा नाही.

सी भाषेचा रिवाज मात्र वेगळा आहे. तिथे नकार म्हणजे बहुतेक वेळा नुसते उणे 1, आणि कारण 'एरनो' नावाच्या ठिकाणी लिहून ठेवलेले. म्हणजे निरोप्याला एका बोलीतला नकार दुसऱ्या बोलीत सांगावा लागतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मसल' या आटोपशीर सी लायब्ररीत हे काम जेमतेम सात-आठ ओळींत उरकले आहे. उत्तर उणे 1 ते उणे 4095 यांच्या दरम्यान असेल, तर त्याचे चिन्ह पालटून ते एरनोत ठेवा आणि उणे 1 परत द्या. नाहीतर आले तसे पुढे जाऊ द्या.

कोणी विचारील, 4095 कशाला? शून्याखालचे सारेच नकार का मानू नयेत? यातच खरी मेख आहे. काही अर्जांचे उत्तर म्हणजे मेमरीतला पत्ता असतो. 32 बिटांच्या यंत्रावर दोन गिगाबाइटांच्या वरचा पत्ता चिन्हासह वाचला, तर तो उणेच दिसतो. अशा वेळी शून्याखालची प्रत्येक संख्या नकार मानली, तर दिलेली जागाही नाकारल्यासारखी होईल. पण कर्नेल नवी जागा देतो ती पानांच्या हिशेबात. एक पान निदान 4096 बाइटांचे, म्हणून पानाचा पत्ता नेहमी 4096 च्या पटीत. उणे 1 ते उणे 4095 या पट्ट्यात अशी एकही पट नाही. म्हणून तेवढा पट्टा नकारांसाठी राखून ठेवला, की घोटाळ्याला जागाच उरत नाही.

तरीही एक पेच राहतो. प्रोग्रॅमचा अग्रक्रम उणे 20 पासून 19 पर्यंत असू शकतो. तो विचारला आणि खरे उत्तरच उणे 1 असले तर? म्हणून कर्नेल तो 20 मधून वजा करून 40 ते 1 असा देतो आणि लायब्ररी तो पुन्हा मूळ रूपात आणते. पण विचारणाऱ्याला तरीही उणे 1 च मिळणार. म्हणून त्याने आधी एरनो शून्य करावा आणि नंतर तो तपासावा. एरवी एरनोकडे पाहायचे ते नकार आल्यावरच. काम यशस्वी झाले म्हणून जुने कारण कोणी पुसत नाही. तिथे मागच्याच भांडणाचा कागद पडलेला असू शकतो.

एवढी काळजी घेऊन आणलेला निरोप वाचलाच नाही तर? 2010 साली अँड्रॉइडमध्ये त्याचे प्रात्यक्षिक दिसले. फोन संगणकाला जोडल्यावर त्याच्याशी बोलणारा एक प्रोग्रॅम सर्वाधिकार घेऊन सुरू होई आणि मग 'मला साधा वापरकर्ता कर' असा अर्ज करून ते अधिकार सोडून देई. त्या काळच्या लिनक्समध्ये त्या वापरकर्त्याच्या नावावरच्या प्रोसेसची मर्यादा भरलेली असेल, तर हा अर्ज क्रमांक 11 च्या कारणाने नाकारला जाई. कारणाचा अर्थ एवढाच, की पुन्हा प्रयत्न करा. हल्लेखोराने मुद्दाम प्रोसेस वाढवून मर्यादा भरली आणि तो प्रोग्रॅम नव्याने सुरू करायला लावला. नकार आला, पण तो कोणी पाहिला नाही. प्रोग्रॅम सर्वाधिकारी राहिला आणि फोनची किल्ली हल्लेखोराच्या हाती गेली. 2011 मध्ये लिनक्स 3.1 ने नियमच बदलला. या मर्यादेपायी तो अर्ज आता नाकारला जात नाही. पुढे त्या प्रोसेसने दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा म्हटले, की मग अडवणूक होते.

मराठीत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सांगावा तो निरोप आणि पाठवणी करतो तोही निरोप. इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पहिल्या निरोपाला न वाचताच दुसरा देऊन टाकला होता. कर्नेलने खरे सांगितले होते, लायब्ररीने ते नीट पोहोचवले होते. त्या सात-आठ ओळींचे काम तिथे संपते. उणे 1 आले की थांबून कारण विचारणे, हे काम ज्याने अर्ज केला त्याचेच असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)