विश्लेषण : बिल क्षणात, मग अहवालाला तास का? ‘स्लो क्वेरी’चे निदान कसे करतात?

सकाळचे साडेनऊ. भिवंडीच्या गोदामात टेम्पो उभे आहेत आणि अंधेरीच्या कार्यालयात पडद्यावर नुसतीच चकरी फिरते आहे. कोणत्या दुकानाला किती माल पाठवायचा, हे सांगणारा अहवाल अजून आलेला नाही. डेटावर चालणाऱ्या कोणत्याही कंपनीत असा प्रसंग आला, की पहिली मागणी होते ती मोठ्या सर्व्हरची. दुखणे मात्र अनेकदा यंत्रात नसते. ते विचारलेल्या प्रश्नात आणि डेटाच्या मांडणीत असते. ते कसे शोधायचे, याविषयी…

डेटा वेअरहाऊस म्हणजे काय?

दुकानात बिल करणाऱ्या डेटाबेसचे काम एका वेळी एक व्यवहार झटपट नोंदवण्याचे असते. ‘गेल्या तीन पावसाळ्यांत तापाच्या गोळ्या कोणत्या उपनगरात जास्त खपल्या’ हा प्रश्न त्यालाच विचारला, तर काउंटरवरची रांग खोळंबेल. म्हणून सगळ्या नोंदी ठरावीक वेळाने एका वेगळ्या साठ्यात आणल्या जातात. हाच डेटा वेअरहाऊस. बिल इनमन यांच्या १९९२ च्या पुस्तकानंतर ही कल्पना रूढ झाली. या साठ्याला विचारलेला प्रश्न म्हणजे ‘क्वेरी’.

साठे किती मोठे असू शकतात, याचा अंदाज मुंबई उपनगर जिल्ह्यातच येतो. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजारात ५ जून २०२४ या एका दिवशी १,९७१ कोटी ऑर्डर हाताळल्या गेल्याचे बाजाराने जाहीर केले होते. यूपीआय व्यवहारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. अशा साठ्यातून गैरव्यवहाराचा माग काढायचा असेल, तर उत्तर उद्या मिळून भागत नाही.

आपण छोटे, काल्पनिक उदाहरण घेऊ. एक औषधवितरण कंपनी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा ठिकाणी तिची दुकाने आहेत. विक्रीच्या टेबलात तीन वर्षांच्या नोंदी, ४० रकाने आणि एकूण २,००० जीबी डेटा आहे. रोज सकाळी प्रश्न एकच : काल कुठे काय खपले?

क्वेरी रांगेत आहे, की कामात?

निदानाची सुरुवात येथून होते. लोकल प्रवासाचे दोन भाग असतात : फलाटावर थांबण्याचा वेळ आणि गाडीत बसल्यानंतरचा वेळ. क्वेरीचेही तसेच. बहुतेक वेअरहाऊस प्रत्येक क्वेरीची नोंद ठेवतात. ती किती वेळ रांगेत थांबली आणि प्रत्यक्ष किती वेळ चालली, हे त्यात दिसते.

चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे रांगेत गेली असतील, तर क्वेरी कितीही सुधारली तरी उपयोग मर्यादितच. सगळ्या विभागांनी आपापले अहवाल सकाळी नऊलाच लावून ठेवलेले असतात. अशा वेळी जड अहवाल पहाटे चालवणे किंवा तातडीच्या आणि सावकाश चालणाऱ्या कामांच्या रांगा वेगळ्या करणे, हा उपाय असतो.

किती डेटा वाचला गेला?

दुसरा प्रश्न : उत्तरासाठी किती डेटा लागत होता आणि प्रत्यक्षात किती वाचला गेला? संथपणाचे सर्वात नेहमीचे कारण याच फरकात सापडते.

टपाल खात्याने हा प्रश्न पूर्वीच सोडवला आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पाकिटावर ४०००८० दिसले, की पहिल्या ‘४’वरून पश्चिमेकडचा विभाग आणि ‘४००’वरून मुंबई कळते. उरलेल्या आकड्यांवरून पत्र मुलुंड पश्चिमेच्या थैलीत जाते. बाकीच्या थैल्या उघडाव्याच लागत नाहीत.

वेअरहाऊसमध्ये याला ‘पार्टिशन’ म्हणतात. विक्रीचे टेबल तारखेनुसार कप्प्यांत ठेवले, तर कालच्या विक्रीसाठी सुमारे १,०९५ कप्प्यांपैकी एकच उघडावा लागतो. २,००० जीबीऐवजी साधारण २ जीबी वाचले जातात.

आता रकाने. आधुनिक वेअरहाऊसमध्ये डेटा ओळीनुसार नव्हे, तर रकान्यानुसार साठवतात. मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या ‘सी-स्टोअर’ या प्रणालीने या पद्धतीला मोठी चालना दिली. दुकान, औषध, नग आणि तारीख असे चारच रकाने मागितले, तर तेवढेच वाचले जातात. सगळे रकाने सारख्या आकाराचे धरले, तर २ जीबीचे होतात सुमारे २०० एमबी. याउलट, सवयीने ‘सिलेक्ट स्टार’ लिहिले की चाळीसही रकाने उचलले जातात.

येथे दोन गोष्टी हमखास नडतात. पहिली, तारखेच्या रकान्यावर फंक्शन चढवणे. ‘ज्या नोंदीचे वर्ष २०२५ आणि महिना जून’ असे विचारले, तर अनेक यंत्रणांना नको असलेले कप्पे वगळता येत नाहीत. ‘१ जूनपासून ३० जूनपर्यंत’ असे सरळ लिहिले, की ते वगळले जातात. दुसरी, ‘लिमिट १०’वर भिस्त ठेवणे. पडद्यावर दहाच ओळी आल्या म्हणजे दहाच वाचल्या गेल्या, असे नाही. गुगलच्या बिगक्वेरीत ऑन-डिमांड पद्धतीचे बिल वाचलेल्या डेटावर लागते आणि साध्या टेबलावर ‘लिमिट’ लावल्याने ते कमी होत नाही. म्हणजे संथ क्वेरी वेळेबरोबर पैसेही खाते.

कप्पे करण्यालाही मर्यादा आहे. दर मिनिटाला एक कप्पा केला, तर लाखो बारीक फायली उघडण्या-मिटण्यातच वेळ जाईल.

‘क्वेरी प्लॅन’ काय सांगतो?

बोरिवलीहून मुलुंडला जायचे आहे. एक मार्ग दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी पकडण्याचा. दुसरा अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर आणि तेथून लोकलने मुलुंड गाठण्याचा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ज्याची माहिती त्याआधीची आहे, तो आजही दादरचाच रस्ता सांगेल.

वेअरहाऊसमधील ‘ऑप्टिमायझर’ हेच काम करतो. एकाच क्वेरीचे अनेक मार्ग असतात. प्रत्येकाचा अंदाजे खर्च काढून तो स्वस्त मार्ग निवडतो. आयबीएममधील पॅट्रिशिया सेलिंगर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजच्या बहुतेक डेटाबेसचा पाया आहे. अंदाजासाठी टेबलात किती ओळी आहेत, कोणती मूल्ये किती वेळा येतात, याची आकडेवारी लागते. रात्री कोट्यवधी नव्या नोंदी आल्या आणि आकडेवारी जुनीच राहिली, तर मार्ग चुकतो.

निवडलेला मार्ग पाहण्यासाठी ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा असते. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये ‘एक्सप्लेन ॲनालाइज’ दिले, की क्वेरी खरोखर चालवून प्रत्येक टप्प्यावरचा अंदाज आणि वास्तव शेजारीशेजारी दाखवले जाते. अंदाज १,००० ओळींचा आणि प्रत्यक्षात ५ कोटी, असा टप्पा सापडला की दुखण्याची जागा सापडली. अनेकदा आकडेवारी ताजी करण्याची एक आज्ञा पुरते.

संथ क्वेरी चुकीचीही असू शकते?

हो, आणि हा धोका वेळ वाया जाण्यापेक्षा मोठा आहे. आपल्या कंपनीतील कोणी विक्रीच्या टेबलाला टपाल कार्यालयांची यादी पिन कोडवर जोडली, असे समजू. हेतू एवढाच, की अहवालात भागाचे नाव दिसावे. पण देशात टपाल कार्यालये दीड लाखाहून अधिक आहेत आणि पिन कोड सुमारे १९ हजार. एका पिनखाली अनेक कार्यालये येतात. एखाद्या पिनखाली तीन कार्यालये असतील, तर तेथील विक्रीची प्रत्येक ओळ तिप्पट होते.

क्वेरी संथ होते, कारण ओळी फुगल्या. आणि बेरीजही फुगते. इन्सुलिनचे ४० नग खपलेल्या भागात १२० दिसतात. माल तिकडे जातो आणि ज्या दुकानात तो खरोखर संपला आहे, तेथे रुग्णाला परत जावे लागते. येथे मोठा सर्व्हर घेतला, तर चुकीचे उत्तर लवकर मिळेल, इतकेच. जोडणीनंतर ओळी वाढल्या का, हे प्लॅनमध्ये पाहणे म्हणूनच आवश्यक. उपाय साधा आहे : एका पिनला एकच ओळ असलेली यादी तयार करून तीच जोडणे.

सगळी गर्दी एकाच खिडकीवर?

मोठे वेअरहाऊस काम अनेक यंत्रांत वाटून घेते. वाटणी ग्राहक क्रमांकावर केली आणि रोखीने खरेदी करणाऱ्या सगळ्यांचा क्रमांक ‘०’ टाकलेला असेल, तर त्या सर्व नोंदी एकाच यंत्राकडे जातात. दहा खिडक्यांपैकी नऊ रिकाम्या आणि एकीवर रांग. क्वेरी संपते ती शेवटची खिडकी संपल्यावर. आणखी खिडक्या उघडून ही रांग हटत नाही. वाटणीचा रकाना बदलावा लागतो किंवा त्या ‘०’च्या नोंदी वेगळ्या हाताळाव्या लागतात.

पवईत काय काम झाले?

पवईतील आयआयटी मुंबईत या विषयावर जगाने दखल घेतलेले संशोधन झाले आहे. तेथील प्राध्यापक एस. सुदर्शन हे ‘डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी ते हाताळलेले असते.

प्रसन रॉय, एस. शेषाद्री, सुदर्शन आणि सिद्धेश भोबे यांचा शोधनिबंध २००० मध्ये सिग्मॉड परिषदेत प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता : अनेक क्वेरींमध्ये काही भाग समान असेल, तर तो एकदाच काढून सर्वांना वापरता येईल का? आपल्या कंपनीत विक्री, खरेदी आणि लेखा हे तिन्ही विभाग सकाळी ‘कालची विक्री, दुकानानुसार’ हाच हिशेब वेगवेगळा करतात. तो पहाटे एकदा करून ठेवला, तर तिघांचेही काम हलके होते. अशा तयार हिशेबाला ‘मटेरिअलाइज्ड व्ह्यू’ म्हणतात. मूळ डेटा बदलला की तो ताजा करावा लागतो, ही त्याची किंमत.

रवींद्र गुरवण्णवर आणि सुदर्शन यांनी २००८ मध्ये दुसरा प्रश्न हाताळला. प्रोग्राम प्रत्येक दुकानासाठी वेगळी क्वेरी पाठवतो. ५०० दुकाने असतील तर ५०० फेऱ्या. असा प्रोग्राम आपोआप बदलून सगळ्या मागण्या एकत्र पाठवायच्या, ही त्यांची दिशा. डबेवाला एकेका डब्यासाठी चर्चगेटची फेरी मारत नाही, तसेच हे.

मग मोठे यंत्र कधी घ्यायचे?

वाचलेला डेटा कमीत कमी आहे, प्लॅन ठीक आहे, वाटणी समान आहे, तरीही हिशेब मेमरीत मावत नसल्याने डिस्कवर सांडतो आहे, असे नोंदींत दिसले तर मोठे यंत्र खरोखर उपयोगी पडते. वापरणारेच वाढले असतील आणि रांग हटत नसेल, तेव्हाही. त्याआधी घेतले, तर काही महिने बरे वाटते. मग डेटा वाढतो आणि चकरी पुन्हा फिरू लागते.

निदानाचा क्रम थोडक्यात…

– आधी रांगेतला वेळ आणि चालण्याचा वेळ वेगळा करा.
– किती जीबी वाचले गेले आणि किती लागत होते, हे तपासा.
– प्लॅनमध्ये अंदाज आणि वास्तव यांत मोठा फरक कुठे आहे, ते शोधा.
– प्रत्येक जोडणीनंतर ओळी वाढल्या का, ते पाहा. वाढल्या असतील तर आधी बेरीज तपासा.
– एकाच यंत्रावर भार आहे का, हे बघा.
– एका वेळी एकच बदल करा आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवा.
– बदलानंतर उत्तर तेच येते ना, याची खातरजमा करूनच नवी क्वेरी सकाळच्या अहवालाला लावा.