पाण्यातले मासे मोजले कुणी?

लागून सुट्ट्या आल्या की नोएडा, गुरुग्राम, द्वारका इथून रॉड आणि रीळ घेतलेल्या गाड्या पहाडाकडे निघतात. कुणी रामगंगेवर मरचुल्याला, कुणी गंगा आणि नयारच्या संगमावर व्यासघाटाला, कुणी काली आणि सरयूच्या संगमावर पंचेश्वरला, तर कुणी ट्राउटसाठी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात. परवान्यासोबत नियमांचा कागद हाती पडतो: अमुक महिने बंदी, अमुक लांबीखालचा मासा सोडा, दिवसाला इतकेच मासे. तिथूनच वादाला तोंड फुटतं. ‘नदीत उतरून मासे मोजले कुणी?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या आडून जे गैरसमज पसरतात, ते मात्र एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : मासे मोजलेच नाहीत, तर साठ्याचा आकडा म्हणजे थाप.

वस्तुस्थिती : साठ्याचा अंदाज म्हणजे माशांची शिरगणती नव्हे. ही शितावरून भाताची परीक्षा आहे, फक्त शितं नियमाने उचललेली असतात. समुद्राचं काम कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. ती १९४७ साली स्थापन झाली. तिची माणसं ठरलेल्या दिवशी बंदरांवर जातात, आलेल्या होड्यांतून काही निवडतात आणि लिहून घेतात: कोणतं जाळं, किती वेळ टाकलं, कोणता मासा किती आला. मासळीची लांबी मोजतात, पोट फाडून गाभोळी कितपत भरली आहे ते पाहतात. लांबीवरून वयाचा अंदाज निघतो. थंड पाण्यातल्या माशांत खवल्यांवरची किंवा कानातल्या खड्यावरची वलयंही मोजता येतात. मोठ्या वयाचे मासे अपेक्षेपेक्षा लवकर दिसेनासे झाले, तर उपसा जास्त होतोय हे कळतं.

शंकेखोरांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. हिमालयातल्या नद्यांवर अशी रोजची नोंद होत नाही, कारण तिथे सगळी मासळी उतरवणारं बंदरच नाही. भीमताल आणि बराकपूरच्या मत्स्य संशोधन संस्था नमुने घेऊन पाहण्या करतात, पण ते काम तुटक असतं. त्यामुळे नदीवरच्या मर्यादा बहुतेक वेळा माशाच्या जीवनक्रमावर बेतलेल्या असतात: तो वयात कधी येतो, अंडी कधी घालतो. आकडा नसताना घेतलेली ही खबरदारी आहे.

गैरसमज २ : शास्त्रज्ञ कायम ‘मासे संपले’ म्हणूनच ओरडतात.

वस्तुस्थिती : याच सागरी संस्थेने २०२२ सालासाठी १३५ मत्स्यसाठे तपासले आणि त्यांपैकी ९१.१ टक्के साठ्यांची स्थिती चांगली असल्याचं सांगितलं. निकाल चांगला असेल तर तोही जाहीर होतो.

चूक उलट बाजूनेही होते. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातातल्या रेड स्नॅपरवरून हौशी गळवाले वर्षानुवर्षं भांडत होते की मासे सरकार सांगतं त्याहून जास्त आहेत. शेवटी तिथल्या संसदेच्या पैशातून स्वतंत्र मोजणी झाली आणि २०२१ साली आधीच्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट मासे असल्याचा निष्कर्ष आला. पुढे २०२३ मध्ये तिथल्या मत्स्य खात्याने स्वतःच कबूल केलं की, टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीतल्या प्रश्नांच्या क्रमामुळे हौशी मासेमारीचे दिवस फुगवून मोजले गेले असावेत. शंका खरी ठरली ती नव्या मोजणीने आणि नव्या चाचणीने. नुसत्या वादातून आकडा हलला नसता.

गैरसमज ३ : मला मासे मिळतात, आणि तेही मोठे, म्हणजे नदी भरलेली आहे.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत पटणारा आणि म्हणूनच सगळ्यांत घातक समज. याचं उत्तर कावेरीकाठी, कर्नाटकातल्या गलिबोरच्या कॅम्पवर सापडलं. तिथे येणारे गळवाले महसीर पकडून, वजन करून सोडून देत आणि प्रत्येक दिवसाची नोंद वहीत होई. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. गळ टाकल्याचे २३,६२० तास आणि हाती आलेले ६,१६१ महसीर, एवढा तो ऐवज.

वरवर पाहता चित्र सुखावणारं होतं. तासागणिक मिळणारे मासे वाढत होते. जाती वेगळ्या केल्यावर मात्र दुसरीच गोष्ट दिसली. वाढ होती ती निळ्या परांच्या महसीरची. ज्याच्यासाठी कावेरी जगात गाजली, तो पाठीवर उंचवटा असलेला कुबड्या महसीर गळाला लागणं वर्षागणिक दुर्मीळ होत होतं. आणि जे कुबडे मिळत, त्यांचं सरासरी वजन वाढत होतं! गळवाल्याला यात आनंद वाटेल, पण अर्थ उलटा आहे: लहान मासे येतच नव्हते, उरले होते ते म्हातारे. २०१८ मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख ‘टोर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

बंधाऱ्याखाली तर फसगत आणखी सोपी. वर चढू पाहणारे मासे भिंतीशी अडतात आणि गर्दी करतात. साठा निम्म्यावर आला तरी त्या डोहात गळ रिकामा जात नाही.

गैरसमज ४ : कमी झाले तर बोटुकली सोडा, मर्यादा कशाला?

वस्तुस्थिती : इथे कावेरीची गोष्ट महाराष्ट्रात येते. टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वलवणला महसीरचं बीजोत्पादन सुरू केलं. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी तिथे निळ्या परांच्या महसीरची अंडी कृत्रिम रीतीने फलवून दाखवली. काम मोठंच होतं. पुढे हा मासा संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. पण वलवणची बोटुकली कावेरीतही सोडली गेली आणि मूळ रहिवासी नसलेला हा मासा तिथे फोफावला. कुबड्याच्या ऱ्हासात या पाहुण्याचा हात असल्याचं अभ्यासक मानतात. त्या काळी महसीरच्या जाती एवढ्या काटेकोर ओळखल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे हेतूला दोष देता येत नाही. मात्र कोणत्या नदीत कोणतं बीज, हे न पाहता सोडलेली बोटुकली नदीचा साठा भरतेच असं नाही.

गैरसमज ५ : नदी मारली ती धरणांनी, सुरुंगांनी आणि सांडपाण्याने, मग गळालाच जाच का?

वस्तुस्थिती : पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून बंदी आहे, तरी ते प्रकार थांबलेले नाहीत. दिल्लीतलं उदाहरण दाराशी आहे. वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या दोन टक्केही नाही, पण तिच्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा इथलाच. यमुनेत आता तिलापिया आणि सायप्रिनससारख्या परक्या माशांचा जोर आहे. तिथे ‘मासे आहेत’ म्हणणाऱ्याने कोणते, हेही सांगायला हवं.

पण निष्कर्ष चुकतो. साठा कशानेही घटो, उरलेल्या माशांतून किती काढायचे हा हिशोब गळालाही लागू होतो. महसीर सावकाश वाढतो आणि मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. गळवाल्याला हवी असते नेमकी तीच.

गैरसमज ६ : मी पकडून सोडतो, मला नियम लागू नाहीत.

वस्तुस्थिती : परवाना आणि बंदीचे दिवस सोडणाऱ्यालाही पाळावे लागतात. कावेरीतल्या महसीरवर झालेल्या चाचण्यांत मासा बराच टणक निघाला, पण झुंज लांबली आणि फोटोसाठी तो पाण्याबाहेर जास्त वेळ राहिला की त्याची दमछाक वाढते. म्हणून काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करावेत, फोटो मासा पाण्यात धरूनच काढावा आणि तो स्वतःहून पोहू लागेपर्यंत आधार द्यावा. गाभोळी भरलेल्या मादीला विणीच्या दिवसांत गळ न लावणंच उत्तम.

गैरसमज ७ : प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, म्हणजे सगळी बाबूंची मनमानी.

वस्तुस्थिती : मत्स्यव्यवसाय हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक २१. म्हणून दिल्लीहून निघालेला गळवाला हरियाणा, उत्तर प्रदेश, उत्तराखंड किंवा हिमाचल इथे वेगळ्या नियमांखाली येतो. तारखांमागे मात्र माशाचंच वेळापत्रक असतं. रोहू, कटला पावसाळी पुरात अंडी घालतात, महसीरही पाणी चढलं की वरच्या ओढ्यांकडे निघतो. म्हणून त्यांच्यासाठी बंदी पावसाळ्यात. ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालते, म्हणून हिमाचलात ट्राउटला बंदी हिवाळ्यात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या समुद्री माशांना किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला १३५ मिलिमीटर, सुरमईला ३७०. यातही धोरण तेच: मासा निदान एकदा विणू द्या.

मग शंका असलेल्याने करायचं काय? गलिबोरच्या गळवाल्यांनी केलं तेच. तारीख, जागा, गळ पाण्यात किती तास होता, माशाची जात, लांबी आणि पट्टीसह एक फोटो, एवढं लिहून ठेवायचं. ज्या दिवशी काहीच लागलं नाही, तो दिवसही लिहायचा. तो गाळला की सरासरी फुगते आणि वही निरुपयोगी होते. अशा वह्या एकत्र करून राज्याच्या मत्स्य खात्याकडे आणि भीमतालच्या संस्थेकडे द्यायच्या आणि मर्यादा कशाच्या आधारावर ठरवली, हे लेखी विचारायचं. नियम सैल व्हायला हवा की कडक, हे त्या वह्याच सांगतील. उत्तर आपल्या मनासारखं निघालं नाही तर तेही मान्य करण्याची तयारी मात्र हवी.