आधी कान, मग व्याख्या

संगीताच्या परीक्षा जवळ आल्या की अंबरनाथ-बदलापूरकडच्या इमारतींतून सायंकाळी एकाच प्रकारचे पाठांतर कानी पडते. नाद कशास म्हणावे, थाट किती, वादी स्वर कोणता, असे प्रश्न विचारले जातात आणि मुले एका दमात त्यांची उत्तरे देतात. दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून या पाठांतराला अधिकच जोर आला आहे. मुले संगीताकडे वळत आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच होय. ती ज्या दाराने आत येत आहेत ते योग्य आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

बदलापुरातील एका वर्गात मध्यंतरी जाण्याचा योग आला. दहा वर्षांच्या एका मुलीने दहाही थाटांची नावे न अडखळता सांगितली. नंतर पेटीवर कल्याण थाटाचे स्वर वाजवताना मी मुद्दाम तीव्र मध्यमाऐवजी शुद्ध मध्यम घेतला. तो बिलावल झाला, हे तिच्या ध्यानात आले नाही. तिला न्यायला आलेली आजी दाराशी बसली होती. आगरी लग्नात धवला म्हणणारी ती बाई. आग्रहावरून तिने चार ओळी म्हटल्या, तेव्हा नातीच्या हाताची टाळी आपोआप पडू लागली आणि ती शेवटपर्यंत कोठेही चुकली नाही. म्हणजे कान होता, लयही होती. शिकवणीने त्यांना हाक मारली नव्हती, इतकेच.

वस्तुतः संगीतशास्त्राची पहिली पायरी फारशी अवघड नाही. षड्ज हा काही ठरावीक उंचीचा स्वर नव्हे. कोणी काळी चारमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. ज्याने त्याने आपल्या गळ्याला मानवेल तेथे 'सा' धरावा आणि बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने ओळखावेत. त्या षड्जाची कंपने दुप्पट झाली की वरचा षड्ज लागतो, दीडपट झाली की पंचम. षड्ज व पंचम अचल. रिषभ, गंधार, धैवत व निषाद यांना कोमल रूप आणि मध्यमाला तीव्र. सात आणि पाच मिळून बारा स्वर झाले. हा हिशेब पाच मिनिटांत सांगून होतो. परंतु दोन गंधारांतील भेद कानाला पटायला कित्येक सकाळी तंबोऱ्याजवळ बसावे लागते. तालाचेही तेच. त्रितालाच्या सोळा मात्रा पाठ करणे सोपे. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात मोकळा सोडायचा, ती खाली अंगात भिनणे हे खरे शिक्षण.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे नाव या व्याख्यांच्या पुष्ट्यर्थ नेहमी घेतले जाते. दहा थाटांची व्यवस्था त्यांचीच. परंतु त्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाच्या नावात 'लक्ष्यसंगीत' हा शब्द घातला, याचा अर्थ आपण विसरलो आहोत. लक्ष्य म्हणजे प्रचारात प्रत्यक्ष गायले जाणारे संगीत. लक्षण म्हणजे त्याचे शास्त्र. आधी देशभर हिंडून, गवयांना ऐकून, चिजा जमवून मग नियम बांधणारा हा पंडित. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मराठी ग्रंथही गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतूनच पुढे सरकतो. त्यांच्या नावावर मुलांना लक्षण आधी आणि लक्ष्य कधीतरी नंतर देणे, हा त्यांच्यावरच अन्याय होय.

आणि लक्ष्याची या भागात वाण आहे काय? बदलापूर-कर्जतच्या लोकलमध्ये टाळांच्या साथीने भजने म्हणत नोकरीला जाणारी मंडळी हीच एक चालती शाळा आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका कसा चढतो व कसा विसावतो, हे तेथे पोराला आपसूक उमगते. उल्हासनगरची गोष्ट तर याहूनही मोलाची. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पातील लष्करी बराकींत आले. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्यासोबत लग्नातील लाडे आले, भगत आला आणि शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यांचा 'रिसालो'ही आला. या काव्यग्रंथातील प्रकरणांना 'सुर' म्हणतात आणि त्यांतला पहिला सुर आहे 'कल्याण'. नाव एक म्हणून आजच्या राग कल्याणाशी त्याचे स्वर जुळतीलच असे नाही. पण ज्या मुलाच्या घरी सोरठ, सारंग, केदारो ही नावे आजोबांच्या तोंडी आहेत, त्याला राग म्हणजे काय हे केवळ व्याख्येतूनच शिकवायचे, ही विपरीत गोष्ट नव्हे काय?

शिक्षकांची अडचण खोटी नाही. एका तासात वीस मुले, पालकांना प्रमाणपत्राची घाई, आणि परीक्षेत व्याख्या विचारल्या जाणारच. शास्त्र नको, असेही येथे म्हणायचे नाही. त्यावाचून घराघरांतले सूर एकमेकांना ओळखणार नाहीत. मागणे इतकेच, की पहिले सहा महिने वही मिटलेली असावी. मुलांनी आपला षड्ज शोधावा, तंबोऱ्यातला पंचम ऐकावा, हाताने ताल द्यावा आणि प्रत्येकाने घरचे एक गाणे वर्गात आणावे. धवला, लाडा, अभंग, काहीही चालेल. त्यांत कोणते स्वर लागतात हे मुलांनीच शोधून काढले, की 'थाट' हा शब्द त्यांना सांगावा. मग तो पाठ करावा लागणार नाही.

प्रमाणपत्र भिंतीवर लागले की पेटी माळ्यावर जाते, असे अनेक घरांत झालेले आपण पाहतो. वाढीव गुण एकाच निकालात मोजले जातात. लागलेला कान मात्र जन्मभर साथ देतो. त्या मुलीची आजी कोणत्याही परीक्षेला बसली नव्हती. तिच्याजवळ जे आहे ते नातीला मिळावे आणि त्याला काय म्हणतात हेही नातीला कळावे, एवढे झाले तरी शास्त्राने आपले काम केले असे म्हणता येईल.