जिद्दी अम्मी इंग्रजीत कशी लिहावी?
शिनोलीतल्या एका विद्यार्थिनीने इंग्रजी निबंधात आईला 'ऑब्स्टिनेट' लिहिले. आम्ही लाल शाईने खूण केली, तर तिचा चेहरा उतरला. "सर, अम्मी जिद्दीच आहे. शिलाई करून आम्हा तिघींना शिकवते."

घोळ आपल्याच घरातला. 'जिद्द' मूळची अरबी, अर्थ विरोध. उर्दूत जिद्दी म्हणजे हट्टी. मराठीत मात्र ती शाबासकी. इंग्रजीत या दोन्हींना शब्द वेगळे. समजावूनही न ऐकणारा 'ऑब्स्टिनेट' किंवा 'स्टबर्न'. कपड्यावरचा न निघणारा डागही स्टबर्नच. अडचणींपुढे न हटणारी 'डिटर्मिन्ड'. 'पर्सिस्टंट'ही चालेल, पण तो शब्द न थांबणाऱ्या खोकल्यालाही लावतात! शिष्यवृत्तीच्या अर्जात मुलीला 'स्टबर्न' लिहिले, तर वाचणारा तिला हेकेखोरच समजेल.

तिने शब्द खोडून 'डिटर्मिन्ड' लिहिले आणि वही अम्मीला दाखवायला घरी नेली.