आठ सिलिंडरचे आडवे इंजिन: दोन चौकड्या जोडून भागत नाही

फणसवाडीच्या बोळातून भरलेली हातगाडी काढणाऱ्याला गाडीच्या लांबीची फारशी चिंता नसते. त्याचा जीव अडकतो तो रुंदीत. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आठ सिलिंडरचे आडवे इंजिन बसवू पाहणाऱ्या हौशी तंत्रज्ञाची पहिली अडचण हीच असते. मात्र तिच्याहून मोठी अडचण इंजिनाच्या पोटात दडलेली आहे.

सर्वसाधारण मोटारीत सिलिंडर एका ओळीत उभे असतात. आडव्या इंजिनात ते क्रँकशाफ्टच्या डाव्या-उजव्या बाजूंना निजलेले असतात. समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांची आठवण करून देणाऱ्या या हालचालीमुळे त्याला 'बॉक्सर' असे नाव पडले. त्यांचे धक्के परस्परांना छेदतात आणि इंजिनाचे वजन जमिनीलगत राहिल्याने गाडी वळणावर स्थिर राहते. मुंबईच्या रस्त्यांवर एकेकाळी दिसणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये याच जातीचे चार सिलिंडरचे इंजिन होते.

मग अशी दोन इंजिने मागेपुढे जोडली की आठ सिलिंडर झाले, असे कोणालाही वाटेल. पण क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक ठोका. दोन शाफ्ट सरळ जोडले तर दोन-दोन सिलिंडर एकदम पेटतील आणि आठाचे इंजिन चाराच्याच तालावर धडधडत राहील. म्हणून दुसरा शाफ्ट ९० अंशांनी फिरवून जोडावा लागतो. एवढ्यानेही सुटका नाही. शाफ्ट लांबला की प्रत्येक स्फोटागणिक तो किंचित पिळला जातो आणि उलट सुटतो. ही पिळवट आणि इंजिनाचा वेग यांचा मेळ एखाद्या क्षणी जमला, तर पोलादी शाफ्टसुद्धा तुटू शकतो! तेव्हा शाफ्ट अखंड घडवायचा, त्याच्यासाठी नवे क्रँककेस ओतायचे, बेअरिंगची घरे एका रेषेत कोरायची, कॅमशाफ्ट व तेलाचा पंप नव्याने करायचा. मूळच्या दोन इंजिनांतले सिलिंडर, पिस्टन आणि माथे एवढेच काय ते उपयोगी पडते.

ज्यांची हयात आडव्या इंजिनांत गेली त्या पोर्शे कंपनीलाही हे सहज साधले नाही. १९६२ साली फॉर्म्युला वनसाठी तिने दीड लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन केले. डॅन गर्नीने त्यावर रुआँ येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली, पण त्या वर्षअखेर कंपनीने तो खर्चिक खेळ सोडून दिला. १९६८ साली आलेल्या ९०८ या शर्यतीच्या गाडीचे इंजिन तीन लिटरचे होते. त्यालाही सुरुवातीला कंपनांनी बेजार केले आणि ल माँच्या शर्यतीत अल्टरनेटर दगा देऊन गेले. पुढच्याच वर्षी मात्र याच गाडीच्या बळावर पोर्शेने जागतिक अजिंक्यपद पटकावले.

त्याच वर्षी, १९६९ मध्ये, ९१४ या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये हे इंजिन बसवून अवघ्या दोन गाड्या तयार झाल्या. एक फर्डिनांड पिएख यांच्यासाठी आणि दुसरी फेरी पोर्शे यांच्या साठाव्या वाढदिवसाची भेट. ९१४ मध्ये इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे असल्याने जागेचा प्रश्न निभावला. पण फेरी पोर्शे यांच्या चंदेरी गाडीसाठीही कारखान्याने नवे इंजिन घडवले नाही. ९०८ चेच घेतले, कार्ब्युरेटर लावून जरा सौम्य केले आणि रस्त्यावर आणले.