सतरंज्या उचलतो, पण सहीला नको

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही छोट्या मंडळाची वार्षिक सभा आठवा. वाचनालय असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो, नाहीतर गल्लीतलं गणेश मंडळ. नवी कार्यकारिणी निवडायची वेळ आली की निम्मे लोक चपला शोधायला लागतात. "तुम्हीच राहा ना भाऊ" म्हणत जुन्याच माणसाच्या गळ्यात माळ पडते. आपण याला उदासीनता म्हणतो आणि नव्या पिढीच्या नावाने बोटं मोडतो. आम्हाला हे निदान पटत नाही.

कारण श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, हीच माणसं कानबाई बसवतात. बाहेरगावी गेलेले भाऊबंदही रोटासाठी घरी येतात. दळण, पुरणाचा स्वयंपाक, रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन. ठराव नाही, सूचक-अनुमोदक नाही. काम काय आणि ते कधी संपणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. कानबाई नदीवर गेली की माणूस मोकळा. रुसवेफुगवे तिथेही होतात, पण त्यांची लेखी तक्रार होत नाही!

नोंदणीकृत मंडळात माणूस असा मोकळा होत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढायला किमान सात जण लागतात. त्यातली काही नावं नुसती सात भरावीत म्हणून घातलेली असतात. पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली, कारभारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा. तो कोणी दिलाच नाही, किंवा जुन्या गटाने त्यावर हरकत घेतली, की प्रकरण लोंबकळतं. बँकेत सही कोणाची चालणार यावर भांडण. सोडून गेलेल्याचं नाव नोंदीत तसंच, आणि हिशेबाची विचारणा आली तर त्याच्याच नावाने. मग शहाणा माणूस म्हणतो, "सतरंज्या उचलतो, वर्गणीला फिरतो, पण सहीला नको." यात आळस कुठे आहे?

त्यात फलकावरचे फोटो. राबणारे वेगळे, फोटोतले वेगळे. आरतीला कुठल्या पुढाऱ्याला बोलवायचं, एवढ्यावरून कमिटीत दोन तट पडतात. निवडणूक जवळ असली तर विचारूच नका.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. सुमारे ११०० एकर जंगल गावाने राखलं. नियम गावाने बसून ठरवले, मोडणाऱ्याला दंडही. २००४ पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा होते. बाया भाजी रांधून आणतात, ती कुठे उगवते, कशी शिजवायची ते सांगतात. जंगलाची ही माहिती सांगायला त्यांना समितीचं पद लागत नाही.

आपल्या मंडळात एवढं करता येईल: काम आणि सही वेगळी ठेवा. काम मागताना मुदत सांगा, "दोन रविवार, बस." खजिनदाराला दोन वर्षांनी सोडवा. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लावा. आणि बदल अर्जाच्या सह्या सभेतच घ्या, चहा यायच्या आधी. चहा झाला की माणसं पांगतात.